खोकला, चार दिवस

वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात शिकते. फाल्गुनात तिच्या वर्गाची खेड्यातली नेमणूक असते. संध्याकाळी ती परतते आणि पांढरा कोट गॅलरीतल्या दोरीवर टाकते. त्या कोटाला कांद्याच्या पातीचा वास येतो. काल ती जिन्यात भेटली तेव्हा मी विचारले, "कुठे असतेस सध्या?"

"चाकणच्या पुढे, काका. घरोघर फॉर्म भरायचे. कंटाळा आलाय नुसता."

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. मी खालीच थांबलो.

तिला ज्याचा कंटाळा येतो त्यासाठी एका माणसाने आपली सगळी नोकरी पणाला लावली होती, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. तिच्या पुस्तकांत त्याचे नाव नाही. ते छापण्याची संधी एकदा माझ्यापुढे आली होती. तिचे मी काय केले, ते पुढे येईल.

एकोणीसशे पन्नासचे दशक तेव्हा निम्मे सरले होते. डॉ. निजसुरे पुण्याच्या एका महाविद्यालयात आम्हाला शिकवीत. उंची बेताची, आवाज खालचा, कोटाच्या वरच्या खिशात निळी पेन्सिल. त्यांचे म्हणणे साधे होते. विद्यार्थी खाटेपाशी उभा राहून शिकतो, आणि रोगी खाटेवर येतो तो आजाराच्या शेवटच्या अंकात. पहिला अंक घरात झालेला असतो. तो न पाहिलेल्याला पदवी देऊ नये. प्रत्येकाने सहा आठवडे खेड्यात राहावे, पाच घरे सांभाळावीत, त्यांची वही ठेवावी, आणि अंतिम परीक्षेत त्या वहीला गुण असावेत.

खेड्यात राहण्याला कोणाची फारशी हरकत नव्हती. गुणांना होती. परीक्षा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होते. परीक्षेच्या हंगामात रुग्णालयात ठरलेले रोगी हजर होत. वर्षानुवर्षे तेच. त्यांना स्वतःचा आजार विद्यार्थ्यांपेक्षा चांगला पाठ असे. विडीचे बंडल दिले की एकजण परीक्षकाची पाठ वळताच पुटपुटत असे, "यकृत दोन बोटं वाढलंय. प्लीहा विचारतील, ती नाही सांगा." त्याच्या जोरावर अनेकजण डॉक्टर झाले आणि त्यांतले काही चांगले डॉक्टर झाले, हेही नोंदवले पाहिजे.

निजसुऱ्यांनी अर्ज केले, टिपणे पाठवली. वरिष्ठांपैकी एका नामांकित शल्यचिकित्सकाने बैठकीत विचारले, "निजसुरे, तुम्हाला डॉक्टर घडवायचेत की तलाठी?" लोक हसले. ते वाक्य महाविद्यालयात बरेच दिवस फिरले. शेवटी एकच प्रयोग मंजूर झाला : एक हंगाम, आठ विद्यार्थी, सहा आठवडे. अखेरीस तिघांची समिती चाकणला येऊन वह्या पाहील आणि निर्णय देईल. निर्णय नकाराचा असेल, तर हा विषय पुन्हा मांडायचा नाही. या अटीवर निजसुऱ्यांनी सही केली. आठांत मी होतो.

चाकणच्या शाळेच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. आमच्यात एकच मुलगी होती, कमल दिघे. ती शाळेतल्या एका शिक्षिकेच्या घरी राहत असे. माझ्या वाट्याला जवळच्या निघोजे गावातली पाच घरे आली. सकाळी चालत जायचे. वाटेत ज्वारीची कापणी चाललेली असे. उभे पीक मुठीत धरून विळा फिरवला की कोरडा, करकरीत आवाज येतो. तो मला अजून ओळखता येईल. पुढच्या आठवड्यांत खळी लागली. बैल गोल फिरत, मागे माणूस फिरे, आणि वारा सुटला की भुसकटाचा पिवळा पडदा सगळ्या गावावर धरला जाई. ते पाण्यात, भाकरीत, डोळ्यांत असे. त्या दिवसांत निघोज्यात सगळेच खोकत.

निजसुऱ्यांचे नियम तीन. घरी गेल्यावर आधी पाणी मागून प्या, मग विचारा. रोगी जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. म्हणजे तुमचे लॅटिन तुमच्यापाशी ठेवा. आणि तीन आठवड्यांवरचा खोकला दिसला की त्याच दिवशी मला कळवा.

शनिवारी ते वह्या पाहत. निळ्या पेन्सिलीने समासात बहुतेक एकच प्रश्न लिहीत : 'हे कोणी सांगितले?' कोणी 'भूक लागत नाही' असे लिहिले की तो प्रश्न. कोणी 'घरात सर्व ठीक' लिहिले की तो प्रश्न, आणि खाली दोन रेघा. दिघेची वही निळ्या अक्षरांनी भरली होती. माझ्या वहीत एकही नव्हते. माझे अक्षर वळणदार होते, तारखा चुकत नव्हत्या, रकाने सरळ होते. ते पान उलटत, खाली सही करीत आणि म्हणत, "पेठे, अशी वही हवी."

मला ते आवडत असे. इतक्या वर्षांनी ते लपवण्यात अर्थ नाही.

पाच घरांतले तिसरे घर भागूबाईंचे. गावाच्या कडेला, मागे कांद्याचे वाफे. घरात त्या, त्यांचा मुलगा, सून हौसा आणि लग्नाला आलेली मुलगी गोदा. मुलगा दिवसभर खळ्यावर. मी ओसरीवर बसे. भागूबाई तांब्या पुढे करीत.

"घ्या डाक्तर. आज गूळ न्हाई, कांदा खाता का?"

"नको, पाणी पुरे. सगळे बरे आहेत ना?"

"बरं हाय की. आमाला काय धाड भरलीया?"

आतून खोकला ऐकू येई. कोरडा नाही, ओला, आणि तोंडावर पदर दाबल्यासारखा अर्धा.

"सूनबाईंना खोकला आहे?"

"हाय थोडा. चार दिस झालं. खळ्यावर धुरुळा हाय न्हवं? समदं गावच खोकतंय."

"त्यांना विचारू का जरा?"

"तिला काय इचारता? ती बोलायची न्हाई तुमच्याम्होरं. मी हाय की."

हौसा कधी दाराच्या चौकटीत दिसे. बोटे चौकटीवर, चेहरा आत. परक्या पुरुषापुढे आणि सासूसमोर बोलायचे नाही, ही त्या घराची रीत होती आणि माझ्याही घरची फार वेगळी नव्हती. मी वही उघडून 'रोगी काय म्हणतो' या रकान्यात लिहिले : खोकला, चार दिवस. शब्द जसेच्या तसे. नियमाप्रमाणे.

पुढच्या बुधवारी पुन्हा तेच तांब्यातले पाणी, तोच आवाज, तेच उत्तर. खोकला, चार दिवस. त्यापुढच्याही बुधवारी.

रविवारी मी सायकलवर चिंचवडला घरी जात असे, आळंदी आणि भोसरी असा वळसा घेत. पिंपरीत निर्वासितांच्या छावणीतल्या दुकानांना नवे पत्रे लागत होते आणि पलीकडे औषधाच्या नव्या कारखान्याची पांढरी इमारत उन्हात डोळ्यांवर येई. तिथे पेनिसिलिन तयार होणार, याचे आमच्या पिढीला फार अप्रूप होते. मी ते निजसुऱ्यांना उत्साहाने सांगितले. ते म्हणाले, "छान झालं. म्हणजे औषध नव्हतं म्हणून माणूस गेला, असं आता आपल्याला म्हणता येणार नाही. दुसरं कारण शोधावं लागेल." मग थोड्या वेळाने, "ते कारण फार लांब नसतं. बहुतेक वेळा ओसरीवर बसलेलं असतं."

मी हसलो होतो. त्यांचे बोलणे मला चांगले वाक्य म्हणून आवडले होते.

चौथ्या आठवड्यात शाळेच्या व्हरांड्यात वह्या लिहिताना दिघेने माझी वही ओढून चाळली.

"पेठे, तुमच्या वहीतल्या बायका फार एकसारख्या बोलतात."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्या सासवांसारख्या बोलतात." ती हसली. मग हसणे थांबवून म्हणाली, "मी येऊ का एक दिवस तुमच्या घरांत? मला चुलीपर्यंत जाता येतं."

"तुमची पाच घरं आहेत ना? ती बघा."

"बरं बाई. वहीला हात लावत नाही तुमच्या."

दिघेबरोबर जायचे म्हणजे वहीवर दुसऱ्याचे अक्षर आले असते. माझे कारण एवढेच होते. त्याला मी तेव्हा शिस्त म्हणत असे.

समिती आली तो दिवस उकाड्याचा होता. काळी मोटार शाळेच्या अंगणात लिंबाच्या सावलीला लावली गेली. तिघांत ते शल्यचिकित्सक होते. पिठले, भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा असे जेवण ठरले होते, त्याआधी वह्या. निजसुऱ्यांनी सर्वांत वर माझी ठेवली. "ही नमुन्यादाखल," ते म्हणाले.

शल्यचिकित्सकांनी चष्मा चढवला आणि सावकाश वाचू लागले. ते वाचणारे गृहस्थ होते, एवढे मान्य केले पाहिजे. इतर दोघे नुसती पाने उलटत होते. मध्येच त्यांनी बोट ठेवले, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"निजसुरे," ते म्हणाले, "तुमच्या गावात खोकला म्हातारा होत नाही वाटतं."

कोणालाच कळले नाही. त्यांनी वाचून दाखवले. तिसरे घर, हौसा, वय अंदाजे वीस. खोकला, चार दिवस. आठवड्याने : खोकला, चार दिवस. आणखी आठवड्याने : खोकला, चार दिवस. सहा बुधवार. सहाही ठिकाणी अक्षर वळणदार, आणि सहाही ठिकाणी खाली निळी सही.

कोणी हसले नाही. भाकऱ्या भाजल्याचा वास येत होता. निजसुऱ्यांनी वही घेतली आणि सहाही पाने पाहिली. एक-एक करून. मग माझ्याकडे वळून विचारले, "पेठे, हे कोणी सांगितलं?"

"तिच्या सासूने."

"ती स्वतः काय म्हणाली?"

"ती बोलली नाही, सर. कधीच."

मला वाटले ते चिडतील. ते समितीकडे वळले. "चूक माझी आहे. वही स्वच्छ होती म्हणून मी वाचली नाही. आपण जेवून घ्या, मी निघोज्याला जाऊन येतो."

"चालत?" शल्यचिकित्सकांनी विचारले. "गाडी आहे. चला, मीही येतो."

तेही आले. दिघे पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे ते दोघे आणि कडेला मी. वाटेत खिडकीतून भुसकट आत येत होते आणि मोटारीतले सगळे खोकत होते.

घराला कडी होती. हौसा आणि गोदा मागे कांद्यात होत्या. काढणी चालू होती. उपटलेले कांदे पातीसकट ओळीने पडले होते. निजसुऱ्यांनी आम्हाला बांधावर उभे केले. दिघेला म्हणाले, "तुम्ही जा. विचारू नका लगेच." ती चपला काढून वाफ्यात गेली, हौसाशेजारी बसली आणि कांदे उपटू लागली. बराच वेळ दोघींच्या पाठीच दिसत होत्या. शल्यचिकित्सकांनी एकदा घड्याळ पाहिले, मग ते खिशात ठेवून दिले.

दिघे परत आली तेव्हा तिच्या कोपरांपर्यंत माती होती. ती माझ्याकडे न बघता बोलली.

"दसऱ्यापासून, सर. संध्याकाळी ताप. दोनदा रक्त पडलंय. घरात सगळ्यांना माहीत आहे."

एवढ्यात भागूबाई खळ्यावरून धावत आल्या. मोटार पाहूनच त्यांना समजले असावे. त्यांनी निजसुऱ्यांच्या पायांकडे हात नेले. ते मागे सरले.

"डाक्तर, आमच्या गोदीचं लगीन हाय आखिती‍ला. घरात खयरोग हाय म्हनल्याव सोयरीक ऱ्हाईल का? तुमीच सांगा! लगीन हुंद्या, मंग खुशाल न्या तिला. म्या काय तिच्या वाईटावर न्हाई वो. अंडी घालते तिला. इचारा!"

ते खोटे नव्हते. नंतर दिघेने सांगितले, रोज एक अंडे हौसाला मिळत होते, आणि गोदाला नाही. मला मात्र भागूबाई इतके दिवस खोटे बोलल्या, एवढेच तेव्हा दिसत होते. त्या काय सांभाळत होत्या ते मी विचारलेच नव्हते. दर बुधवारी मी त्यांना एकच प्रश्न विचारत होतो, आणि तो त्यांच्याविषयी नव्हता.

निजसुरे वाफ्याच्या कडेपर्यंत गेले, उकिडवे बसले आणि हौसाला म्हणाले, "बाई, तुला दवाखान्यात न्यायला गाडी आहे. नेऊ का, ते तू सांगायचंस. दुसऱ्या कोणी नाही."

तिने सासूकडे पाहिले. मग गोदाकडे. गोदा मान खाली घालून पाती कापत होती. तिचे हात थांबले नव्हते. मी हौसाचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो असा :

"येवढा वाफा हुंद्या. मंग येते."

आणि तिने तो वाफा संपवला. आम्ही तिघे पुरुष, त्यांतले दोन नामांकित डॉक्टर, बांधावर उभे राहून तिला कांदे काढताना पाहत होतो. दिघे पुन्हा तिच्यापाशी जाऊन बसली. मला जावेसे वाटले. मी बांधावरच उभा राहिलो. शेवटचा कांदा निघाल्यावर हौसाने हात झाडले, खोकली, पदर तोंडावर धरला आणि मोटारीकडे चालू लागली. शल्यचिकित्सकांनी स्वतः दार उघडून धरले.

त्यांनीच तिला पुण्याजवळच्या क्षयाच्या रुग्णालयात पोचवले आणि खाट मिळवून दिली. त्यांनीच पुढच्या आठवड्यात योजनेविरुद्ध मत दिले. त्यांचे म्हणणे टिपणात होते : सहा आठवडे राहून सर्वोत्तम विद्यार्थ्याला दारामागचा क्षय कळला नाही, दवाखान्यात ती आली असती तर पहिल्या दिवशी कळला असता. यात चूक काढणे अवघड आहे. ती दवाखान्यात कशी आली असती, एवढेच त्यात नव्हते.

निजसुऱ्यांनी स्वतःच्या अहवालात सहा तारखा, सहा सह्या, सगळे लिहिले. रक्ताची गोष्ट समितीच्या टिपणात आली नव्हती. तीही त्यांनी घातली. दिघे म्हणाली, "सर, हे आपणहून कशाला? योजना जाईल." ते म्हणाले, "आपल्याला हवं तेवढंच सांगितलं, तर आपणही ओसरीवरच बसलो की." योजना गेली. वर्षभरात त्यांची बदली लांबच्या एका महाविद्यालयात झाली. तिथे अट लागू नव्हती असा अर्थ लावून त्यांनी पुन्हा अर्ज केला. तिथून आणखी पुढे गेले, तिथेही केला. निवृत्त झाले तेव्हा ज्यांना त्यांनी शिकवले होते त्यांतले काही त्यांच्यापेक्षा वरच्या पदांवर होते.

अक्षय्य तृतीयेला ठरलेले गोदाचे लग्न मोडले. हे दिघेच्या पत्रातून कळले. ती हौसाला भेटायला रुग्णालयात जात असे. सुया चालू आहेत, वजन वाढते आहे, असे लिही. मग दिघेला दूर नोकरी लागली आणि पत्रे थांबली. हौसा निघोज्याला परत गेली का, भागूबाईंनी तिला घरात घेतले का, हे मला माहीत नाही. चिंचवडहून निघोजे सायकलवर जाण्याइतके जवळ आहे. सायकल होती. मी गेलो नाही.

त्या वर्षी लेखी परीक्षेत मी पहिल्या पाचांत आलो आणि पुढच्या वर्षी वैद्यक सोडले. कारण विचारणाऱ्यांना वेगवेगळी उत्तरे दिली. वर्तमानपत्रात नोकरी धरली, आणि तिथे मला लवकर मान मिळाला. माझी बातमी स्वच्छ असे, तारखा चुकत नसत. नव्या वार्ताहरांच्या बातम्यांवर मी समासात लिहीत असे, 'हे कोणी सांगितले?' त्यांना वाटे तो प्रश्न माझा आहे.

बऱ्याच वर्षांनी एके दिवशी सरकारी पत्रक टेबलावर आले. वैद्यकीय विद्यार्थ्यांना खेड्यातली नेमणूक सक्तीची होणार होती. घरोघरच्या नोंदींना गुण मिळणार होते. योजना ज्यांनी जाहीर केली त्यांची नावे होती. निजसुऱ्यांचे नव्हते. ते घालावे असे मनात आले. पण पत्रकात नाही, आधार कोणाचा द्यायचा? मी स्वतः साक्षीदार होतो. आमच्या धंद्यात तो आधार धरत नाहीत. शिवाय बातमी लिहायची तर चाकणचा तो दिवसही लिहावा लागला असता. मी पत्रक आटोपशीर केले. शेवटी एक ओळ होती, ती तशीच राहू दिली : 'ग्रामस्थांनी या योजनेचे स्वागत केले आहे.'

आठवड्याने पाकीट आले. आत आमच्या बातमीचे कात्रण होते. पत्र नाही, नमस्कार नाही. आपले नाव त्या बातमीत नाही याबद्दल अवाक्षर नव्हते. फक्त शेवटच्या ओळीखाली निळ्या पेन्सिलीच्या दोन रेघा आणि समासात, आता किंचित थरथरत्या अक्षरात, तोच प्रश्न.

उत्तर दोन शब्दांचे होते. कोणीच नाही. मी ते लिहून पाठवले नाही, आणि विचारायला खेड्यातही गेलो नाही. त्याच वर्षी ते वारल्याचे आमच्याच अंकात आले. ती बातमी दुसऱ्याने केली होती.

कात्रण मी त्या जुन्या वहीत ठेवले आहे, तिसऱ्या घराच्या पानावर. आज संध्याकाळी वरच्या गॅलरीत पुन्हा कोट वाळत आहे. ती मुलगी खाली उतरेल तेव्हा तिला काही सांगावे असे नाही. एक विचारायचे आहे : फॉर्म भरताना समोर कोण बसलेले असते, आणि आतून कोणी खोकते का.